सदतीस अंशांवर दोन तास

भांडण वॉर्डातून लॅबमध्ये आणलं ते भावनानेच.

अंबरनाथ पूर्वेच्या त्या छोट्या हॉस्पिटलात सकाळपासून दोन घरं दोन भिंतींना टेकून उभी होती. एका भिंतीला पालेगावचे, म्हणजे भावनाचे वडील बुधाजी, अंजनीआत्या आणि सनीदादा. दुसऱ्या भिंतीला बदलापूरची गोजरबाई आणि तिचा मुलगा चंदर. मधल्या खाटेवर सनीची बायको तेजस्वी, एका घरची सून आणि दुसऱ्या घरची लेक, बाळंत होऊन नऊ आठवडे झालेली. तिची डावी मांडी उशीएवढी सुजली होती. दंडांवर, कमरेवर, पोटऱ्यांवर काळेनिळे डाग पसरले होते आणि कडेच्या जुन्या डागांना पिवळी झाक आली होती. दुपारी चंदरने सनीची कॉलर धरली, नर्सने सगळ्यांना बाहेर काढलं, आणि जिन्यात भावना म्हणाली, "मला निरोगी माणसांचं रक्त पाहिजे. चौघांचं तरी. वहिनीच्या टेस्टसाठी. ज्याला भांडायचंय त्याने लॅबमध्ये येऊन भांडावं."

भावनाची आई तेवढी तेजस्वीच्या उशाशी राहिली. बाकीचे दोन रिक्षांनी उल्हासनगरला आले, अर्थातच दोन घरं दोन रिक्षांत.

कॅम्प दोनच्या बाजारात, चेन-बटणांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ती लॅब. खाली शिलाईची मशिनं चालायची, त्यांची थरथर वरच्या फरशीतून तळपायाला लागायची. भावना इथे पाच वर्षं काम करत होती. बी.एस्सी. झाल्यावर वर्षभराचा डिप्लोमा करून ती इथे आली तेव्हा आत्या म्हणाली होती, "शिकून शेवटी लोकांचं मूतच तपासनार ना." आज त्याच आत्याने चपला दाराबाहेर काढल्या, देवळात काढतात तशा. मग लोखंडी खुर्च्यांच्या रांगेत एका टोकाला ती, बुधाजी आणि सनी बसले, दुसऱ्या टोकाला गोजरबाई आणि चंदर. मध्ये दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

"माझा घ्या पहिला," चंदर बाही वर करत म्हणाला. "माझे बहिनीसाठी किती पन घ्या. पन याचा घेऊ नका. मारनाऱ्याचा रक्त तिला कशाला?"

"तोंड सांभाळ," सनी म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. दोन रात्री तो झोपलेला नव्हता.

"का सांभालू? दोन रविवारांपूर्वी तू बदलापूरला आलास. तेव्हापासून निशान उठलेत. आधी एक तरी होता का? आई, सांग ना."

गोजरबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"निशान कोनाचं ते डॉक्टरनी लिवलंय," अंजनीआत्या म्हणाली. "रक्तात खोट हाय पोरीच्या. जन्माची. भावनानंच काढलाय तो रिपोर्ट. साखरपुड्याला आम्हाला दोन वेला जेवायला थांबवलंत, साड्या नेसवल्यात, आनि हे सांगायला इसरलात होय?"

"काय खोट? तिच्या मामालोकांत, काकालोकांत कोनाला काय नाय."

"मग मामा कसा गेला तिचा? दगडखाणीत पडला, रक्त थांबला नाय, हे तुमचेच गावचे बोलतात."

"बारा फुटांवरून पडला तो," गोजरबाई पहिल्यांदा बोलली. "डोक्यावर पडला."

भावना हातमोजे चढवत होती. आत्याच्या वाक्यातला 'भावनानंच काढलाय' एवढाच तुकडा तिच्या कानात राहिला.

रिपोर्ट तिनेच काढला होता. तेजस्वीचं रक्त गोठायला ब्याण्णव सेकंद लागत होते. निरोगी माणसाला त्या तपासणीत तीस-पस्तीस लागतात. मग काल संध्याकाळी तिने पुढची पायरी केली. रक्तातला लाल भाग खाली बसवून वरचं पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा केला. तेजस्वीचा अर्धा आणि निरोगी माणसाचा अर्धा असा मिसळून पुन्हा वेळ मोजला. तेजस्वीच्या रक्तात काही कमी असेल, तर निरोगी अर्धा ते पुरवतो आणि वेळ ताळ्यावर येतो. आला. अडतीस सेकंद. तिने रिपोर्टात लिहिलं: मिश्रणानंतर वेळ सुधारतो, रक्त गोठवणाऱ्या घटकाची कमतरता संभवते. त्या ओळीवर सर्जनने प्लाझ्माच्या चार पिशव्या चढवल्या आणि मांडी उघडायची वेळ ठरवली, आज संध्याकाळी पाच. आत रक्त साचलंय, दाबाने पाय जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच ओळीवर आत्याने घराण्याची खोट शोधली.

आणि आज सकाळी, चार पिशव्या जाऊनही, तेजस्वीचं रक्त नव्वद सेकंदांवरच होतं.

लॅबच्या मालकीण वासवानी मॅडम पुण्यात लेकीकडे होत्या. भावनाने फोनवर आकडे सांगितले. मॅडमनी ते पुन्हा एकदा सांगायला लावले. मग एवढंच विचारलं, "बेटा, मिक्स करके इन्क्यूबेट किया था?"

केलं नव्हतं. काही दोष सावकाश काम करतात. शरीरात आपल्याच रक्ताविरुद्ध तयार झालेली द्रव्यं निरोगी प्लाझ्मातला घटक लगेच मारत नाहीत, त्यांना अंगाएवढी ऊब आणि वेळ लागतो. म्हणून मिश्रण सदतीस अंशांवर दोन तास ठेवायचं आणि मग पुन्हा मोजायचं. हे तिने परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. पण पाच वर्षांत ही तपासणी लॅबमध्ये पाच-सहा वेळाच आली होती, दर वेळी मिश्रण लगेच सुधारलं होतं, आणि काल साडेसहाला शटर ओढायची वेळ झाली होती. ती रिपोर्ट छापून निघाली.

तेजस्वीच्या सकाळच्या नमुन्याचा प्लाझ्मा तिने तयार ठेवला होता. निरोगी प्लाझ्मा मात्र कालच संपला होता. म्हणून ही माणसं.

"नाना, तुमचं नको. तुम्हाला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे," ती वडिलांना म्हणाली. बुधाजीने मान हलवली. "दादा, चंदर, मावशी आणि आत्या. एकेक जण आत या."

"माझा?" आत्या म्हणाली. "आनि यांच्यात मिसलनार?"

"सगळ्यांचं एकत्र करायचंय. एकट्याचं घेतलं तर त्या एकट्याचंच कळेल."

"आमचे घरचं रक्त त्यांच्या घरच्या रक्तात?"

"बाळाच्या अंगात आधीच मिसळलंय, आत्या. बाही वर करा."

बुधाजीला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घालवलं. आत्याने डोळे गच्च मिटून हात पुढे केला, आणि सुई निघेपर्यंत तोंडाने काहीतरी पुटपुटत राहिली.

गोजरबाई सगळ्यात शेवटी आत आली. तिने हात टेबलावर ठेवला तेव्हा भावना क्षणभर त्या हाताकडेच पाहत राहिली. साठीच्या बाईचा हात, पण तळवा लहान मुलासारखा मऊ, वर्षानुवर्षं तेलात मुरलेला. अंगठे मात्र दाबून दाबून मागे वाकलेले. बदलापूर गावात आणि आसपासच्या पाड्यांवर कोणी बाळंत झाली की गोजरबाईला बोलावणं जायचं. ती बाळंतिणीला चोळायची, शेकायची, पोट बांधायची, आणि सवा महिन्यात पायांवर उभी करायची. स्वतःच्या लेकीचं बाळंतपण तर तिच्याच घरी झालेलं.

सुई निघाली. गोजरबाईने कापसाचा बोळा दाबून धरला, पण उठली नाही.

"भावनाबाय, एक इचारू?"

"विचारा मावशी."

"चोलल्यानं वाढतं का गो हे?"

बाहेर चंदरचा आवाज चढला होता. भावनाने दार लोटून घेतलं.

"कधीपासून चोळत होतात?"

"पयल्या दिसापासून. दोन टाईम. सवा महिना झाला तरी सोडला नाय, बोल्लं, लेक हाय, जरा जास्ती करू. पंधरा दिसांमागं मांडीत गाठ लागली हाताला. मी बोल्लं, शीर आखडली. गाठ दिसली की मोकली करायची, हेच माहीत आपल्याला. जोर लावला." तिने बोळा आणखी दाबला. "ती रडायची. मी बोलायचं, रडू नको, बरं वाटेल. जिथं बोट ठेवलं, तिथं दुसरे दिवशी निलं. दंडावर चार बोटं आनि अंगठा, छापा मारल्यावानी."

"चंदरला माहीत आहे हे?"

"नाय."

"तो दादावर आळ घेतोय."

"माहीत हाय मला." गोजरबाईने बोळा उचलून पाहिला. तिचं रक्त कधीच थांबलं होतं. "तीनशे तरी बालंतिनी उठवल्या असतील या हातांनी. एक नाय बिघडली."

भावनाला खोटं सांगता आलं असतं. ते तिच्या जिभेवर आलंही होतं. पण ही बाई संध्याकाळी पुन्हा लेकीजवळ बसणार होती, आणि तिचे हात तिला न विचारता पायाकडे जाणार होते.

"रोग चोळण्यामुळे झालेला नाही," ती म्हणाली. "तो आतून आलाय. पण गाठ चोळल्यामुळे आतलं रक्त वाढलं. हात लावायला नको होता."

गोजरबाईने सावकाश मान हलवली. मग दोन्ही हात पदराखाली घेतले आणि बाहेर गेली.

आपण काल काय केलं, हे भावनाने तिला सांगितलं नाही.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी तिने नळ्या गरम पाण्याच्या हौदात ठेवल्या. एका नळीत तेजस्वी आणि बाकीच्यांचं मिश्रण. शेजारी तेजस्वीचा प्लाझ्मा वेगळा आणि घरच्यांचा वेगळा. हे दोन शेवटी मिसळायचे होते, म्हणजे नुसत्या उबेने किती फरक पडतो तेही कळलं असतं. हौदावरचा आकडा सदतीसवर स्थिर होता. तिने मोबाइलवर गजर लावला. चार पस्तीस. पाचच्या आत सर्जनना सांगायला वेळ होता.

बाहेर आता एक मधली खुर्ची भरली होती. बुधाजी उठून चंदरच्या बाजूला जाऊन बसला होता.

"तुझा बाप आनि मी कंपनीत एका खात्यात होतो," तो सांगत होता. "माझा पोरगा हात उचलनारा असता, तर मीच त्याचा हात तोडला असता."

"म्हातारी मानसं असंच बोलतात, नाना. बंद खोलीत काय होतं, कोनाला ठाऊक."

"खोली कुठं बंद होती?" सनी म्हणाला. "तुझ्या आईच्या हॉलमध्ये बसलो होतो मी. बाळाला मांडीवर घेऊन. तुझी बायको चहा देऊन गेली. तेजूला मी बोटसुद्धा लावलं नाही, तीच म्हणाली, अंग दुखतंय, जवळ येऊ नको."

"का दुखत होता अंग?"

"मी काय सांगू? तुम्ही ठेवलं होतं तिला."

"ठेवलं होतं?" चंदर उठला. "ऐकतेस ना आई, काय बोलतोय हा? आजच्या आज चौकीत जातो मी. डाग बघून हवालदार पन सांगेल."

"जा की," आत्या म्हणाली. "आमी पन सांगू, खोटी पोरगी गल्यात मारली म्हनून."

"अंजने, गप," बुधाजी म्हणाला. "ती पोरगी तिकडं पडलीय आनि तू इकडं कोनाची खोट किती ते तोलत बसलीस."

आत्याचा चेहरा पडला. नवरा गेल्यापासून तीस वर्षं ती भावाच्या घरात होती. तो चारचौघांत तिला असं कधी बोलला नव्हता. ती उठून खिडकीशी उभी राहिली आणि सगळ्यांकडे पाठ करून खालच्या गर्दीकडे बघत राहिली.

चार वाजून आठ मिनिटांनी आईचा फोन आला.

"भावना, अगो, तेजूला नेतात आत. दुसरं आपरेशन होतं ते रद्द झालं, म्हनून हिला आताच घेतो बोल्ले. सनीची सही हाय ना, बस बोल्ले."

भावनाने हौदाकडे पाहिलं. नळ्या पाण्यात शांत उभ्या होत्या. अजून सत्तावीस मिनिटं होती. आता काढून मोजलं तर आकडा मधलाच कुठला तरी येईल, आणि मधल्या आकड्यावर सर्जन थांबायचे नाहीत. न मोजता सांगायचं, तर तिच्याकडे फक्त संशय होता आणि कालचा तिचाच कागद तिच्या विरुद्ध बोलत होता.

ती बाहेर आली.

"दादा, सर्जनना फोन लाव. सांग, कापू नका. सही मागे घेतली म्हण."

"काय? तूच म्हणालीस ना, कमतरता आहे, प्लाझ्मा दिला की..."

"मी काल चुकले." तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते वाक्य लहान निघालं. "दोन तास थांबायचं होतं, थांबले नाही. मला घरी जायचं होतं. कमतरता नसावी. तिचं शरीर ते घटक मारून टाकतंय. बाहेरून दिलं तरी मारतंय. मांडी उघडली तर रक्त थांबवायला कोणाकडे काही नसेल."

"नसावी? म्हणजे नक्की नाही?"

"अजून नाही."

"पाय जाईल म्हणाले ते."

"जाईल कदाचित."

सनी बापाकडे पाहू लागला. बुधाजी आत्याच्या पाठीकडे. चंदर म्हणाला, "हिचं काय ऐकतोस? तुला वाचवायला बोलते ती. काल येक बोल्ली, आज येक. पोलिसांना दाखवायला रोग पायजे ना यांना."

"ते डाग माझे हायेत," गोजरबाई म्हणाली.

चंदरला कळलं नाही. "काय?"

"माझे बोटांचे. मी चोलली तिला. याने नाय हात लावला." तिने पदराखालून हात काढून पुढे धरले, मागे वाकलेल्या अंगठ्यांसकट. "नुसत्या दाबल्यानं असं होतं, तर सुरीनं काय होईल? लाव फोन, सनी."

चंदर खुर्चीत बसला. जरा वेळाने त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. सनीने फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला.

"पेशंट टेबलावर आहे," सर्जन म्हणाले. "रिपोर्ट तुमच्याच बहिणीचा आहे ना? मिश्रणाने वेळ करेक्ट होतोय असं स्वच्छ लिहिलंय."

भावनाने फोन घेतला. "सर, तो रिपोर्ट चुकीचा आहे. मिश्रण दोन तास ठेवलं नव्हतं. आता ठेवलंय. चार पिशव्यांनंतरही नव्वद सेकंद आहेत, हे सकाळी कळवलं होतं. सुई घालू नका. भुलीची सुई पाठीत तर अजिबात नको."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही, सर."

"हे लेखी देणार?"

"देते. माझ्या सहीने."

"आणि मी सही मागे घेतो," सनी मध्येच म्हणाला. "नाही म्हणजे नाही, डॉक्टर."

पलीकडे कोणीतरी धातूचं काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. "पाच वाजेपर्यंत थांबतो," सर्जन म्हणाले. "त्यानंतर पायाला मी जबाबदार नाही."

लेटरहेडवर तिने चार ओळी लिहिल्या. रिपोर्टाचा क्रमांक घातला, 'माझ्याकडून' हा शब्द दोनदा आला तो तसाच ठेवला, फोटो काढून पाठवला. मॅडमना पाठवला. मग हौदाशी जाऊन उभी राहिली.

चार पस्तीसला गजर झाला. मिश्रणाची नळी तिने यंत्राला लावली. पडद्यावर आकडे चढू लागले. तीस गेले, चाळीस गेले. कोणी न बोलावता सगळे दारात येऊन उभे होते. आत्यासुद्धा, अनवाणी. पन्नास. साठ. बहात्तरवर यंत्र थांबलं. मग तिने वेगळे ठेवलेले दोन प्लाझ्मा त्याच क्षणी मिसळून लावले. एक्केचाळीस.

"म्हणजे?" बुधाजीने विचारलं.

"म्हणजे चौघांचं मिळून दिलेलं तिच्या रक्ताने दोन तासांत संपवलं. ताजं मिसळलं तर टिकतं, थोडा वेळ. मग नाही."

"आईचा पन?" चंदरने विचारलं.

"सगळ्यांचंच."

"मग जन्माची खोट?" आत्या म्हणाली.

"नाही. जन्माची असती तर आपलं रक्त तिला चाललं असतं. हे आत्ता झालंय. बाळंतपणानंतर कधीकधी होतं. फार क्वचित."

"पन दोष कोनाचा?"

"कोणाचाच नाही, आत्या."

दारातल्या कोणाच्याच चेहऱ्यावर सुटका दिसत नव्हती. सकाळपासून प्रत्येकाजवळ बोट दाखवायला एक माणूस होता, आता उरले होते दोन आकडे. तेही खाली मशिनं सुरू झाली की पडद्यावर हलत होते.

भावनाने दोन्ही आकडे आधी सर्जनना आणि मग मॅडमना कळवले. मॅडमनी फोनवर हिंदीत सांगितलं आणि भावनाने ते कागदावर उतरवून घेतलं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात आज रात्रीच हलवायचं, तिथल्या रक्तविकार विभागाशी त्या बोलल्या आहेत. त्या मेलेल्या घटकाला वळसा घालून रक्त गोठवणारं औषध तिथे आहे. शरीराची ही भांडखोरी दाबायला स्टिरॉइड लागतील, आठवडे लागतील. "और तब तक काटना नहीं, सुई नहीं, मालिश नहीं."

"बचेगी, मॅडम?"

"ज़्यादातर बच जाते हैं, बेटा." मग म्हणाल्या, "सब नहीं. देर भी हुई है."

एक दिवसाचा उशीर. भावनाने तेही कागदावर लिहिलं, आणि मग खोडलं.

साडेसहाला अँब्युलन्स हॉस्पिटलच्या दारात लागली. तेजस्वीला स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा तिचे ओठ कागदासारखे पांढरे होते. हिमोग्लोबिन पाचाच्या खाली आलं होतं. मांडी चादरीखाली तशीच, न उघडलेली. पायाची बोटं हलतात का, असं सर्जननी विचारलं. अंगठा हलला, बाकीची हलली नाहीत. त्यांनी कागदावर तशी नोंद केली, भावनाकडे न बघता.

अँब्युलन्समध्ये मागे दोनच माणसांना जागा होती. सनी पुढे ड्रायव्हरशेजारी बसणार होता. "मागं आईला बसू दे," चंदर म्हणाला, सनीला. कालपासून त्या दोघांतलं ते पहिलं साधं वाक्य. सनीने मान हलवली. "आणि भावनाला," तो म्हणाला.

दार बंद झालं. भावनाने तेजस्वीच्या उजव्या हाताची बाही सरळ करायला उचलली आणि थांबली. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथून सकाळी तिने स्वतः रक्त काढलं होतं आणि पंधरा मिनिटं दाबून धरलं होतं, तिथे लिंबाएवढा काळा फुगा आला होता. तिने बाही हळूच परत खाली ठेवली.

"आई," तेजस्वी म्हणाली. डोळे मिटलेलेच. "पाय चोल ना गो. लय दुखतो."

गोजरबाईचे हात पुढे आले, निम्म्या वाटेवर. तिने भावनाकडे पाहिलं. भावनाने मान हलवली, नाही.

गोजरबाईने हात मागे घेतले, स्वतःच्या मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली.

"चोलते," ती म्हणाली. "पोचलो की चोलते, बाय. झोप तू."